खिशातल्या खेळाचा भाव

इंदूर-अहमदाबाद रस्त्यावरच्या बेटम्यात कुणाला कॉस्टिंग शिकवावे लागत नाही. शेजारीच पीथमपूर, आणि तिथल्या कारखान्यांत शिफ्टला जाणारे गावात बरेच. कुठला पार्ट कितीला पडतो आणि गाडी शोरूमला कितीला लागते, हा हिशेब चहाच्या टपरीवर होतो. अशा घरातला मुलगा हातात धरून खेळायच्या कन्सोलची किंमत सांगतो, तेव्हा बाप विचारणारच: एवढ्याशा डबीला एवढे पैसे कसले?

प्रश्न रास्त आहे. मात्र पार्टची बेरीज करून उत्तर मिळत नाही, कारण या यंत्राच्या घराण्यात भाव आधी ठरतो आणि यंत्र मागाहून.

घराण्याचा मूळपुरुष कॅल्क्युलेटर. 1973 मध्ये शार्पने एलसीडी पडद्याचा पहिला खिशात मावणारा कॅल्क्युलेटर काढला, किंमत 26,800 येन. मग शार्प आणि कॅसिओ यांच्यात अशी जुंपली की काही वर्षांतच कॅल्क्युलेटरचे भाव कोसळले आणि त्याबरोबर पडदे आणि चिपाही स्वस्त झाल्या. निन्टेन्डोच्या गुनपेई योकोईंनी ही संधी हेरली. आगगाडीत एक प्रवासी वेळ जात नाही म्हणून कॅल्क्युलेटरची बटणे दाबत बसलेला दिसला आणि कल्पना सुचली, असे ते सांगत. 1980 मध्ये ‘गेम अँड वॉच’ आला तो 5,800 येनला. नव्या, महागड्या तंत्राच्या मागे लागायचे नाही. जे मुरले आहे आणि स्वस्त झाले आहे त्यातूनच नवा खेळ काढायचा, हा योकोईंचा खाक्या.

त्याची खरी परीक्षा 1989 साली झाली. निन्टेन्डोचा गेम बॉय अमेरिकेत सुमारे 90 डॉलरला आला. पडदा हिरवट, छटा चार, मागून उजेड नाही. त्याच वर्षी अटारीने लिंक्स आणला: रंगीत पडदा, मागून उजेड, किंमत सुमारे 180 डॉलर. कागदावर लिंक्सच सरस. पण तो सहा पेन्सिल सेल चार-पाच तासांत संपवायचा. गेम बॉय चार सेलवर पंधरा तास सहज चालायचा. दुकानात एकदा पैसे मोजले की सुटका नव्हती, सेलचा खर्च दर आठवड्याला आईबापांच्या माथी. लिंक्स मागे पडला त्यात या खर्चाचा वाटा मोठा होता.

आपल्याकडे मात्र गेम बॉयपेक्षा घरोघरी पोचला तो ब्रिक गेम, जत्रेत आणि खेळण्यांच्या दुकानात मिळणारा. वेष्टनावर ‘9999 इन 1’ असे छापलेले, आत मोजके खेळ. वेग आणि पातळ्या बदलून आकडा फुगवलेला. तो कधी खोलून पाहिला असेल तर हिरव्या पट्टीवर डांबरासारखा एक काळा थेंब दिसला असेल. चिप त्याच्याखाली असते. चिपेला वेगळे कवच घालायचे म्हणजे खर्च. म्हणून ती उघडीच पट्टीवर चिकटवायची, केसाहून बारीक तारांनी जोडायची आणि वरून राळ ओतायची. बिघडली तर दुरुस्ती नाही, पण दुरुस्तीपेक्षा नवा घेणेच परवडते. योकोईंचा खरा वारस मला हाच वाटतो, मग छापलेला आकडा कितीही खोटा असो.

खुद्द निन्टेन्डोलाच या धड्याचा विसर पडला. 2011 च्या मार्चमध्ये थ्रीडीएस अमेरिकेत 249.99 डॉलरला आला. यंत्र उघडून हिशेब मांडणाऱ्यांनी पार्ट आणि जोडणीचा खर्च शंभर डॉलरच्या आसपास काढला. संशोधन, वाहतूक, जाहिरात, दुकानदाराचे कमिशन त्यात धरलेले नव्हते. पण खप रोडावला. ऑगस्टमध्ये किंमत 169.99 वर आली आणि आता कंपनी तोट्यात विकू लागली. अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःचा पगार निम्मा केला. आधी घेतलेल्यांची समजूत वीस जुने खेळ फुकट देऊन काढली. 2022 साली व्हॉल्व्ह कंपनीने स्टीम डेक हा हातातला कन्सोल 399 डॉलरला काढला, तेव्हाही हा आकडा गाठणे जड गेल्याचे मालकांनी कबूल केले. खेळ विकून भरपाई करता येते, म्हणून यंत्रावर कमी मिळाले तरी या कंपन्यांना चालते.

बेटम्यापर्यंत येताना या भावावर आणखी थर चढतात. 2018 च्या अर्थसंकल्पात कन्सोलवरची आयात जकात 10 वरून 20 टक्के झाली. जीएसटी 2019 च्या जानेवारीपासून 28 चा 18 झाला. बंदरावर 30,000 रुपयांना पडलेले यंत्र धरा. जकात 6,000, तिच्यावरचा अधिभार 600, मग 36,600 वर जीएसटी 6,588. झाले 43,188, आणि अजून आयातदार व दुकानदार यांचा नफा बाकी. शिवाय निन्टेन्डोने 2017 चा स्विच भारतात अधिकृतपणे आणलाच नाही. इथे दिसतो तो परस्पर आलेला माल. आसुसचा आरओजी अलाय 2023 मध्ये अधिकृत आला, 69,990 रुपयांना.

म्हणून इंदूरला जेल रोडवर चौकशीला जाल तेव्हा भावाआधी दोन गोष्टी विचारा: जीएसटीचे पक्के बिल मिळेल का आणि वॉरंटी भारतात चालेल का. दोन्हीला ‘नाही’ असेल तर भाव निम्म्यावर आला तरी घेऊ नका.