डिजिटल एसएलआर कॅमेरा

डिजिटल एसएलआर कॅमेरा (डीएसएलआर, डिजिटल एकभिंगी परावर्ती कॅमेरा) हा भिंगातून आलेला प्रकाश आरशाच्या साहाय्याने दृश्यदर्शकाकडे वळवणारा आणि छायाचित्र टिपताना तो आरसा वर उचलून प्रकाश इलेक्ट्रॉनिक संवेदकावर पडू देणारा कॅमेरा होय. या कॅमेऱ्याचे भिंग बदलता येते आणि छायाचित्रकार जे दृश्य पाहतो ते प्रत्यक्ष भिंगातूनच आलेले असते. प्रस्तुत लेखात या कॅमेऱ्याची रचना थोडक्यात देऊन नवशिक्याने त्याचा वापर कसा सुरू करावा याची माहिती दिली आहे; उदाहरणे मुख्यत्वे नाशिक शहर व जिल्ह्यातील आहेत.

रचना

भिंगामागे ४५ अंशांच्या कोनात एक आरसा बसवलेला असतो. त्यावरून परावर्तित झालेला प्रकाश घासलेल्या काचेच्या पडद्यावर पडतो आणि तेथून पंचकोनी लोलकातून (पेंटाप्रिझम) डोळ्यापर्यंत पोहोचतो. लोलकामुळे प्रतिमा सुलटी दिसते. स्वस्त कॅमेऱ्यांत लोलकाऐवजी आरशांची जुळणी असते, त्यामुळे दृश्यदर्शकातील प्रतिमा किंचित लहान व अंधूक असते. बटण दाबताच आरसा वर जातो, शटरचे पडदे उघडतात, संवेदकावर प्रकाश पडतो, पडदे मिटतात आणि आरसा खाली येतो. या कॅमेऱ्याचा ओळखीचा ‘खटक्’ आवाज आरसा आणि शटर या दोघांचा मिळून असतो.

प्रारंभिक श्रेणीच्या बहुतेक कॅमेऱ्यांतील संवेदक ३५ मिमी फिल्मच्या चौकटीपेक्षा (३६ × २४ मिमी) लहान असतो. निकॉनमध्ये हे प्रमाण १.५, तर कॅननमध्ये १.६ आहे. म्हणजे ५० मिमीचे भिंग निकॉनच्या अशा कॅमेऱ्यावर ७५ मिमीच्या भिंगाएवढेच दृश्य टिपते. दूरचे पक्षी टिपताना हे सोयीचे ठरते, अरुंद बोळातून वाड्याची संपूर्ण दर्शनी बाजू टिपताना अडचणीचे.

इतिहास

एकभिंगी परावर्ती कॅमेऱ्याचे पेटंट इंग्लंडमधील टॉमस सटन यांनी १८६१ मध्ये घेतले. ३५ मिमी फिल्म वापरणाऱ्या कॅमेऱ्यांत किने एक्झाक्टा (१९३६) आणि निकॉन एफ (१९५९) हे महत्त्वाचे टप्पे मानले जातात. कोडॅक कंपनीने १९९१ मध्ये निकॉन एफ३ कॅमेऱ्याला १.३ मेगापिक्सेलचा संवेदक जोडून पहिला व्यावसायिक डिजिटल एसएलआर बाजारात आणला. छायाचित्रे साठवण्यासाठी त्याला खांद्यावर अडकवायचा स्वतंत्र संच होता. निकॉन डी१ (१९९९) आणि विशेषतः कॅनन ईओएस ३००डी (२००३) यांच्यानंतर हे तंत्र हौशी छायाचित्रकारांच्या आवाक्यात आले. २०२० नंतर प्रमुख उत्पादकांनी आपले लक्ष आरसाविरहित (मिररलेस) कॅमेऱ्यांकडे वळवले आहे.

पहिल्या कॅमेऱ्याची निवड

नव्या डीएसएलआरची आवक घटत असताना नवशिक्याने तो घ्यावा का, हा प्रश्न रास्त आहे. आरसाविरहित कॅमेरा वजनाला हलका असतो आणि टिपले जाणारे छायाचित्र किती उजळ येईल हे आधीच दाखवतो. मात्र विद्यार्थ्याच्या खर्चाच्या मर्यादेत वापरलेला डीएसएलआर व त्याची भिंगे अधिक सहज बसतात. शिवाय दृश्यदर्शकातून उघड्या डोळ्यांसारखेच दृश्य दिसत असल्यामुळे कॅमेरा त्याचे काय करणार आहे, हा अंदाज स्वतः बांधावा लागतो. ही उणीव खरी, पण शिकणाऱ्याच्या ती पथ्यावरच पडते. कॅनन ईओएस १५००डी आणि निकॉन डी३५०० (दोन्ही २०१८) यांसारख्या २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यांतून कोणत्याही वर्तमानपत्रात किंवा प्रदर्शनात शोभेल असे छायाचित्र मिळू शकते.

वापरलेला कॅमेरा घेताना तीन चाचण्या पुरेशा ठरतात. छिद्र एफ/१६ वर ठेवून निरभ्र आकाशाचे छायाचित्र घ्यावे. त्यात काळे ठिपके दिसल्यास संवेदकावर धूळ आहे. भिंग उजेडासमोर धरून आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी नाही ना, हे पाहावे. शटर किती वेळा उघडले आहे याची नोंद विचारावी; प्रारंभिक श्रेणीच्या कॅमेऱ्यांत शटरचे अपेक्षित आयुष्य साधारणपणे एक लाख छायाचित्रांच्या आसपास धरले जाते. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकांच्या कॅमेऱ्यांत फोकस करणारी मोटर नसते, त्यामुळे जुनी, स्वतःची मोटर नसलेली भिंगे त्यांवर बसतात, पण फोकस हाताने करावा लागतो. जुने भिंग स्वस्तात मिळाल्याचा आनंद याच कारणाने अनेकदा घरी पोहोचेपर्यंतच टिकतो.

कॅमेऱ्यासोबत येणारे १८–५५ मिमी भिंग पहिल्या काही महिन्यांसाठी पुरते. त्यानंतर पहिली खरेदी लांब पल्ल्याच्या भिंगाची करण्याकडे कल असतो. ५० मिमी एफ/१.८ हे स्वस्त भिंग मात्र कमी उजेडात अधिक उपयोगी पडते.

प्राथमिक तयारी

दृश्यदर्शकाच्या बाजूला एक लहान चाक असते. डोळ्याच्या चष्म्याच्या नंबराप्रमाणे ते फिरवून आतील आकडे स्पष्ट दिसू लागेपर्यंत जुळवावे. हे न केल्यामुळे कॅमेऱ्याचा फोकस बिघडला आहे, असा गैरसमज होतो. मेमरी कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावे. डावा तळवा भिंगाखाली आणि कोपरे अंगाशी टेकवून कॅमेरा धरावा. छायाचित्रे ‘रॉ’ आणि जेपीईजी अशा दोन्ही स्वरूपांत साठवावीत. ‘रॉ’ फाइल आकाराने मोठी असली तरी चुकलेला उजेड बऱ्याच अंशी सुधारण्याची मुभा तीत असते.

उद्भासन

संवेदकावर पडणाऱ्या एकूण प्रकाशाला उद्भासन (एक्स्पोजर) म्हणतात. ते छिद्राचा आकार आणि शटर उघडे राहण्याचा काळ यांवर ठरते. आयएसओ या तिसऱ्या आकड्याने मिळालेल्या संकेताचे वर्धन ठरते. छिद्र एफ/४ ऐवजी एफ/५.६ केले की प्रकाश निम्मा होतो. शटरचा काळ १/१२५ सेकंदाऐवजी १/२५० केला तरी तो निम्माच होतो. या प्रत्येक पायरीला ‘स्टॉप’ म्हणतात. एका बाजूने एक स्टॉप कमी करून दुसऱ्या बाजूने एक वाढवला तर चित्राचा उजळपणा तोच राहतो, परिणाम मात्र बदलतो. मोठ्या छिद्राने पार्श्वभूमी धूसर होते, दीर्घ काळाने हालचाल पुसट होते, वाढत्या आयएसओने चित्रात कण दिसू लागतात.

हातात धरलेल्या कॅमेऱ्यासाठी शटरचा काळ भिंगाच्या नाभीय अंतराच्या व्यस्तापेक्षा अधिक नसावा, असा जुना संकेत आहे. लहान संवेदकाचे प्रमाण धरल्यास २०० मिमीसाठी तो सुमारे १/३०० सेकंद येतो. भिंगात कंपरोधक यंत्रणा असल्यास याहून दीर्घ काळ चालतो. पण ती यंत्रणा हाताचा कंप थांबवते, समोरच्या माणसाची हालचाल नव्हे.

पूर्ण स्वयंचलित पद्धतीत हे सर्व निर्णय कॅमेरा घेतो. शिकणाऱ्याने त्यातून लवकर बाहेर पडून छिद्र-प्राधान्य पद्धती (निकॉनवर ‘ए’, कॅननवर ‘एव्ही’) निवडावी. तीत छिद्र वापरकर्ता ठरवतो आणि शटरचा काळ कॅमेरा जुळवतो. सर्व काही हाताने ठरवण्याची ‘एम’ पद्धती पहिल्या दिवसापासून वापरण्याचा आग्रह अनेक जण धरतात. त्यातून आकडे फिरवण्याची सवय लागते. प्रकाश वाचण्याची लागतेच असे नाही.

प्रकाशमापकाची मर्यादा

कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरची वस्तू काळी आहे की पांढरी, हे जाणत नाही. दृश्य सरासरीने मध्यम करडे असते, असे गृहीत धरून तो उद्भासन सुचवतो. आधुनिक मापक दृश्याचे अनेक भाग पाडून मोजणी करतात, तरी मूळ गृहीतक सुटत नाही. नवशिक्याची बहुतेक फसलेली छायाचित्रे या एका कारणाने फसतात.

नाशिकच्या पंचवटीतील काळाराम मंदिर काळ्या दगडाचे आहे. चौकट त्या दगडाने भरली की मापक त्याला करडा करू पाहतो. दगड फिकट येतो आणि मागचे आकाश पूर्ण पांढरे पडते. येथे उद्भासन-दुरुस्तीचे बटण (+/−) वापरून सुमारे एक स्टॉप कमी करावा लागतो. उलट, पांढऱ्या वस्त्रांतील यात्रेकरूंनी चौकट भरली असता कपडे मळकट दिसतात आणि अर्धा ते एक स्टॉप वाढवावा लागतो.

दुरुस्तीची दिशा वस्तूच्या रंगावर नव्हे, तर चौकटीत सर्वाधिक जागा कशाने व्यापली आहे यावर ठरते. गडद पाण्यावर उभा असलेला लहानसा पांढरा बगळा टिपताना मापक पाण्याकडे पाहून चित्र उजळवतो आणि बगळ्याच्या पिसांचा तपशील नाहीसा होतो; तेथे उद्भासन कमी करावे लागते. तोच बगळा उजळ आकाशात उडाला की मापक आकाशाकडे पाहून चित्र काळवंडवतो. आता वाढवावे लागते. एकच पक्षी, काही सेकंदांचे अंतर आणि विरुद्ध दुरुस्त्या. हे ध्यानात आले की कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावरील हिस्टोग्राम वाचणे सोपे जाते. आलेख उजव्या कडेला थडकला असेल तर उजळ भागातील तपशील गमावला आहे, असे समजावे. तो पुढे संगणकावर परत आणणे अवघड असते, तर अंधाऱ्या भागातील तपशील ‘रॉ’ फाइलमधून बराच मिळवता येतो.

नाशिक परिसरातील सराव

गोदावरी रामकुंडापाशी दक्षिणेकडे वळते आणि पंचवटी तिच्या पूर्वेकडील काठावर आहे. त्यामुळे पश्चिम काठावरून पाहता सकाळचा सूर्य पंचवटीच्या मंदिरांमागे असतो आणि माणसांच्या कडा उजळून निघतात. सायंकाळी तीच मंदिरे समोरून प्रकाशतात. नाशिक सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर असल्याने मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो आणि डोळ्यांच्या खोबणीत काळ्या सावल्या पडतात. त्या वेळी माणसांना सावलीत, उजेडाकडे तोंड करून उभे करणे, हाच सर्वांत स्वस्त उपाय आहे. सायंकाळच्या गोदाआरतीसाठी कॅमेऱ्यावरील फ्लॅश उपयोगाचा नाही. तो तीन-चार मीटरांपलीकडे फारसा पोहोचत नाही आणि दिव्यांचा पिवळसर उजेड मात्र मारतो. ५० मिमी एफ/१.८ भिंग, आयएसओ १६०० ते ३२०० आणि १/१२५ सेकंद ही जुळणी आरंभासाठी योग्य ठरते.

पांडवलेणी (त्रिरश्मी लेणी) कमी उजेडाचा सराव देतात. संरक्षित स्मारकांत तिपाई वापरण्यासाठी पुरातत्त्व खात्याची परवानगी लागत असल्याने आयएसओ वाढवून आणि भिंग १८ मिमीवर ठेवून काम भागवावे लागते. तिसऱ्या लेण्याच्या ओवरीत गौतमी बलश्रीचा ब्राह्मी शिलालेख आहे. कोरीव अक्षरे समोरून पडणाऱ्या प्रकाशात सपाट दिसतात. प्रकाश बाजूने, भिंतीला जवळजवळ समांतर येत असेल तेव्हाच खोदकामाच्या सावल्या पडून ती वाचनीय होतात. येवल्यात पैठणीच्या मागावर खिडकीचा निळसर आणि दिव्याचा पिवळसर उजेड एकत्र येतो. येथे दिवा मालवता आला तर रेशमाचा रंग खरा उतरतो. न आल्यास ‘रॉ’ फाइलमध्ये व्हाइट बॅलन्स नंतर जुळवावा लागतो. विणकर स्थिर आणि धोट्याची हालचाल पुसट असे चित्र १/१५ सेकंदाच्या आसपास साधते.

निफाड तालुक्यातील नांदूर मधमेश्वर हे गोदावरी व कादवा यांच्या संगमावरील पक्षी अभयारण्य महाराष्ट्रातील पहिले रामसर क्षेत्र आहे. याची घोषणा जानेवारी २०२० मध्ये झाली. हिवाळ्यात येथे स्थलांतरित बदके आणि क्रौंच येतात. उडत्या पक्ष्यांसाठी १/१००० सेकंदाहून कमी काळ आणि सतत फोकस ठेवणारी पद्धती (निकॉनवर ‘एएफ-सी’, कॅननवर ‘एआय सर्व्हो’) आवश्यक असते. ५५ मिमीच्या भिंगाने पक्षी ठिपक्याएवढे येतात. त्यांचे थवे, धुके आणि पाणी यांसह व्यापक दृश्य टिपणे मात्र याच भिंगाने चांगले जमते, आणि दूरच्या भिंगासाठी थांबलेले अनेक जण ते टिपायचेच विसरतात.

ठिकाणे बदलत राहण्यापेक्षा एकाच विषयाकडे परत जाण्याने अधिक शिकता येते. त्र्यंबकेश्वर येथे जन्मलेल्या दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) यांनी चित्रपटाकडे वळण्यापूर्वी गोध्रा येथे छायाचित्रकाराचा व्यवसाय केला होता. १९१२ मध्ये लंडनहून परतल्यावर त्यांनी कुंडीतील वाटाण्याच्या रोपासमोर कॅमेरा मांडून महिन्याहून अधिक काळ त्याचे चित्रण केले. त्यातून ‘अंकुराची वाढ’ हा जेमतेम मिनिटभराचा लघुपट झाला. भांडवल पुरवणाऱ्यांना तंत्र पटवून देण्यासाठी केलेला हा प्रयोग ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) या चित्रपटाच्या आधीचा आहे. घरच्या खिडकीतील तुळस रोज त्याच जागेवरून, वेगवेगळ्या वेळी, छिद्र व उद्भासन बदलून टिपणे हा याच जातीचा आणि बिनखर्चाचा सराव होय.

निगा

जिल्ह्याचे हवामान सर्वत्र सारखे नाही. इगतपुरी व त्र्यंबकेश्वर या पश्चिमेकडील तालुक्यांत पावसाळा जोरदार असतो. येवला, सिन्नर हा पूर्वेकडील भाग कोरडा व धुळीचा. दमट हवेत बंद पिशवीत राहिलेल्या भिंगावर बुरशी धरते आणि ती काचेचा थर कायमचा खाऊ शकते. पावसाळ्यात कॅमेरा चामडी पिशवीत न ठेवता हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवावा आणि दर आठवड्याला बाहेर काढून वापरावा. भिंग बदलताना कॅमेऱ्याचे तोंड खाली व वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला असावे. संवेदकावरील धूळ रबरी फुंकणीने उडवावी. तोंडाने फुंकर मारल्यास थुंकीचे कण आत जातात. त्याआधी बॅटरी पूर्ण भरलेली असावी, अन्यथा सफाई चालू असतानाच आरसा खाली पडू शकतो.

नियम व संकेत

त्र्यंबकेश्वर मंदिराच्या आत छायाचित्रणास मनाई आहे. रामकुंडावर स्नान, दशक्रिया विधी आणि अस्थिविसर्जन एकाच परिसरात चालते. तेथे दुरून भिंग रोखण्यापेक्षा समोर जाऊन विचारावे, आणि नकार मिळाल्यास कॅमेरा खाली घ्यावा. नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ कुंभमेळा (यापूर्वी २०१५) पावसाळ्यातच येत असल्याने गर्दीसोबत पाण्यापासूनही कॅमेऱ्याचे रक्षण करावे लागते. नांदूर मधमेश्वर येथे वन विभागाने आखून दिलेल्या वाटा व निरीक्षण मनोरे सोडून पाणथळीत उतरू नये. पक्षी मान उंचावून सावध झाले, की छायाचित्रकार प्रमाणाबाहेर जवळ आला आहे असे समजून मागे सरावे. विणीच्या काळात घरट्याजवळची चित्रे घेऊ नयेत, कारण उठून गेलेला पक्षी परत येईपर्यंत अंडी व पिल्ले उन्हात आणि कावळ्यांसमोर उघडी पडतात.