‘गॉडस्पेल’विषयी तळटीप

* गॉडस्पेल : ‘गॉस्पेल’ या शब्दाचे जुने इंग्रजी रूप, मराठी बायबलमध्ये यालाच ‘शुभवर्तमान’ म्हणतात. मूळ मजकुराच्या लेखकाने या नावाच्या संगीतिकेला ‘हिप्पींची लाट’ म्हणून एका ओळीत निकालात काढले आहे, ते पटत नाही. लाट ओसरली, संगीतिका टिकली. जॉन-मायकल टेबेलाक याने ती १९७० साली पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात विद्यार्थी असताना रचली. ईस्टरच्या उपासनेला गेला असता तिथला रुक्षपणा त्याला खटकला होता. म्हणून त्याचा येशू विदूषकाच्या रंगात, सुपरमॅनचे चिन्ह असलेल्या सदऱ्यात येतो आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातले दाखले सवंगड्यांसह खेळ मांडल्यासारखे सांगतो. स्टीफन श्वार्ट्झचे लोकसंगीत-रॉक वळणाचे संगीत त्यानंतर जोडले गेले. मे १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या चेरी लेन थिएटरात प्रयोग सुरू झाले. गंमत अशी, की गाण्यांचे बरेचसे शब्द जुन्या चर्चगीतांचे. ‘डे बाय डे’ची प्रार्थना तर तेराव्या शतकातल्या रिचर्ड ऑफ चिचेस्टरच्या नावावर आहे, आणि १९७२ मध्ये ती अमेरिकन रेडिओवर गाजत होती! पुनरुत्थान स्पष्ट दाखवलेले नाही, हा काही धार्मिकांचा आक्षेप. आमच्या मते तेच तिचे बळ, कारण श्रद्धा नसलेला प्रेक्षकही त्यामुळे परका ठरत नाही. शिवाय नटसंच लहान, नेपथ्य जेमतेम. शाळा-कॉलेजांत आणि चर्चच्या सभागृहांत ती आजही होते.