गुणवंतांना आधार कोणी दिला? जालन्याच्या उच्च शिक्षणाची एक बाजू

आपल्या भागाचा शैक्षणिक इतिहास लिहिताना महाविद्यालयांच्या स्थापनेची वर्षे आणि इमारतींची उद्घाटने यांचीच नोंद बहुधा होते. परंतु हुशार पण सामान्य परिस्थितीतील मुलाच्या वडिलांसमोरचा प्रश्न निराळा असे. महाविद्यालय कोठे आहे, हे त्यांना ठाऊकच असे. तेथे फी कोण माफ करील आणि मुलाच्या दोन वेळच्या जेवणाची सोय कोण करील, हे शोधावे लागे. त्या शोधाचा हा मागोवा.

निजामाच्या राजवटीत जालना हे कापसाच्या व्यापाराने गजबजलेले गाव. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण उगीच पडली नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाड-सिकंदराबाद मार्गावर रेल्वेही धावू लागली. उच्च शिक्षणाची गाडी मात्र फार दूरच्या स्थानकावर उभी होती. पूर्वेकडे हैदराबादला १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले, पण तेथील शिक्षणाचे माध्यम उर्दू. पश्चिमेकडे मनमाडला गाडी बदलून पुणे किंवा मुंबई गाठावी, तर माध्यम इंग्रजी आणि खर्च आवाक्याबाहेरचा. अशा वेळी बहुसंख्य मुले दुकानाच्या गादीवर बसत. व्यापार हा आपला पिढीजात व्यवसाय हे खरेच. पण प्रत्येकाने तो आवडीने स्वीकारला, असे समजण्याचे कारण नाही.

मुंबई-पुण्याला जाऊन टिकले ते प्रामुख्याने बोर्डिंगच्या आश्रयाने. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या उत्तेजनाने निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली, त्यांत दिगंबर जैन बोर्डिंगही होते. मुंबईत आचार्य विजयवल्लभसूरीश्वरजींच्या प्रेरणेने १९१५ मध्ये श्री महावीर जैन विद्यालय सुरू झाले. नाव विद्यालयाचे, पण कार्य वसतिगृहाचे. महाविद्यालयात शिकणाऱ्या जैन विद्यार्थ्याला तेथे निवास, भोजन आणि कर्जरूपाने शिष्यवृत्ती मिळे. कमावता झाल्यावर त्याने ती फेडावी, म्हणजे पुढच्याच्या उपयोगी पडेल. आपल्या धर्मात आहार, औषध, अभय आणि ज्ञान अशी चार दाने सांगितली आहेत. बोर्डिंगमध्ये त्यांतील दोन एकाच ताटात वाढली जात.

याहून पुढचे पाऊल कर्मवीर भाऊराव पाटील यांनी टाकले. कुंभोजच्या जैन कुटुंबात १८८७ मध्ये जन्मलेले भाऊराव विद्यार्थिदशेत कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्येच राहिले होते. पण १९२४ मध्ये साताऱ्यात स्वतः वसतिगृह काढताना त्यांनी सर्व जातिधर्मांच्या मुलांना एका पंक्तीत बसविले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहाला शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. १९४७ मध्ये साताऱ्याचे छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले ते ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर. मुलाने शेतात किंवा बांधकामावर श्रम करावेत आणि त्या बळावर पदवी घ्यावी. अमेरिकेतील केंटकी राज्यात बेरिया नावाचे एक छोटे खासगी महाविद्यालय १८९२ पासून फी घेत नाही आणि विद्यार्थ्यांकडून काम करवून घेते. त्याचीच ही मराठी मातीतील भावंडे म्हणावीत.

मराठवाड्यात दार उघडले ते हैदराबाद मुक्तीनंतर. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झाले. बाबासाहेबांना १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन न्यूयॉर्कला पाठविले होते. एका गुणवंतावर केलेला खर्च कोठवर पोहोचतो, याचे याहून मोठे उदाहरण शोधून सापडणार नाही. त्याच १९५० मध्ये नांदेडचे पीपल्स कॉलेजही निघाले.

जालन्याची पाळी १९५८ मध्ये आली. मराठवाडा विद्यापीठही त्याच वर्षीचे. जालना एज्युकेशन सोसायटीच्या महाविद्यालयाचे पूर्ण नाव उच्चारायचे तर कला शाखेला बगडिया, वाणिज्य शाखेला लाखोटिया आणि विज्ञान शाखेला बेझनजी अशी तीन नावे घ्यावी लागतात. घरचे जेवून, सायंकाळी दुकान सांभाळून पदवी घेता येऊ लागली, ही केवढी क्रांती! प्रस्तुत लेखकासारखे अनेक वाणिज्य पदवीधर अशाच सोयीचे ऋणी आहेत. ई. बी. सी. सवलतीसाठी बाराशे रुपये उत्पन्नाचा दाखला मिळविण्याची धावपळ जुन्या मंडळींना आठवत असेल.

एक गोष्ट स्पष्ट लिहितो. इमारतीला नाव देणारे दाते नेहमीच मिळत आले. एखाद्या मुलाची चार वर्षांची मेस भरणारे दाते त्या मानाने कमी मिळाले. मेसच्या बिलावर पाटी लावता येत नाही, हे त्याचे कारण असावे.

१९८३ नंतर महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि हिशेबच पालटला. जागा मुबलक झाल्या, फी मात्र हजारांतून लाखांत गेली. १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालाने निम्म्या जागा गुणवत्तेवर शासकीय दराने देण्याचे बंधन घातले होते. २००२ च्या टी. एम. ए. पै निकालाने ती व्यवस्था संपुष्टात आली. अमेरिकेतील लहान खासगी महाविद्यालये मोठी फी छापतात आणि हुशार मुलाला त्यातून घसघशीत सूट देतात. आम्हा कापडवाल्यांना छापील किंमत आणि खरी किंमत यांतील अंतर समजावून सांगावे लागत नाही! आपल्याकडे मात्र अशी सूट बहुधा महाविद्यालय देत नाही, शासन किंवा समाज देतो. राजर्षी शाहू शिष्यवृत्तीत आठ लाखांच्या आतील उत्पन्न असलेल्या पालकांच्या पाल्यांना मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांचे निम्मे शिक्षण शुल्क परत मिळते, आणि २०२४ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांतील मुलींना पूर्ण. खोलीभाडे आणि जेवण त्यात येत नाही.

आणि आता प्रवासाची दिशाही बदलली आहे. १९३३ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे मराठवाडा उपकेंद्र २०१८ मध्ये जालन्यात आले. एकेकाळी आपली मुले मनमाडला गाडी बदलून ज्या मुंबईत जात, त्या मुंबईची संस्था आपल्या गावी आली आहे आणि तिच्यासाठी परगावची मुले जालना स्थानकावर उतरतात. खोली कोठे मिळेल, मेस कोठे आहे, हे ती मुले आता आपल्याला विचारतात.