पंडितेची लेक कोणी सांभाळली?

थोर स्त्रियांच्या चरित्रांत पदव्यांच्या तारखा सापडतात, सत्कारांची वर्णने सापडतात. पण अभ्यासाच्या वेळी मूल कोणाच्या मांडीवर होते, ही गोष्ट चरित्रकाराला नोंदण्याजोगी वाटत नाही. पंडिता रमाबाईंच्या बाबतीत सुदैवाने तसे झालेले नाही. त्यांचा पत्रव्यवहार सिस्टर जेराल्डीन या इंग्रज भगिनीने जपून संकलित केला आणि अ. भि. शहा यांनी संपादिलेला तो ग्रंथ १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. धर्मांतराचा वाद शोधणाऱ्यांनी तो पुष्कळ चाळला आहे. मी तो वाचला तो एका निराळ्याच कुतूहलाने. आई शिकत होती, तेव्हा मनोरमा कोठे होती?

प्रथम परिस्थिती ध्यानात घ्यावी. मनोरमेचा जन्म १८८१ च्या एप्रिलमधला. १८८२ च्या फेब्रुवारीत बिपिनबिहारी पटकीने गेले, तेव्हा मूल दहा महिन्यांचेही झाले नव्हते आणि आईचे वय होते अवघे तेवीस. आपल्याकडे अशा बाईला निदान माहेर असते. रमाबाईंना ते नव्हते. आईवडील दुष्काळाच्या दिवसांत गेले, भाऊ श्रीनिवास १८८० साली गेला. सासर म्हणावे तर विवाहच जातीबाहेरचा आणि नोंदणी पद्धतीचा. तिकडची दारे आधीच लागलेली. आजी नाही, मावशी नाही, नणंद नाही. रमाबाई किती थोर विदुषी होत्या हे सर्वजण सांगतात. मला मात्र या रिकाम्या घराचीच गोष्ट अधिक मोठी वाटते.

त्या पुण्यास आल्या, १८८२ सालीच आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढे साक्ष दिली, ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिली आणि त्या पुस्तकाच्या पैशांचा आधार घेऊन १८८३ च्या एप्रिलात इंग्लंडला निघाल्या. मनात होते वैद्यकी शिकायचे. कडेवर दोन वर्षांची मुलगी, सोबतीला आनंदीबाई भगत. ही सोबत म्हणजे त्या परक्या मुलखात लेकीच्या ओळखीचा एकमेव दुसरा हात. वाँटिज येथील सेंट मेरी मठात उतरल्यावर थोड्याच महिन्यांत, त्याच वर्षी, आनंदीबाईंचा अत्यंत दुःखद अंत झाला. चरित्रांत ही घटना दोन ओळींत आटोपते. घरात मूल असलेल्या बाईने ती वाचली तर तिला कळते की या दोन ओळींत रमाबाईंची सारी व्यवस्थाच कोसळली.

राहिल्या त्या मठातल्या भगिनी. रमाबाई त्यांना मराठी शिकवीत आणि त्यांच्याकडून इंग्रजी शिकत. १८८४ साली त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात गेल्या. डोरोथिया बील तेथे प्राचार्य होत्या. संस्कृत शिकवायचे आणि स्वतः गणित, विज्ञान, इंग्रजी शिकायचे, असा तो बेत. वैद्यकीचा विचार वाढत्या बहिरेपणामुळे सोडावा लागला होता. मनोरमा कधी आईजवळ, कधी वाँटिजला. सिस्टर जेराल्डीनना रमाबाई पत्रांतून संबोधीत ‘आजीबाई’! इंग्रजी मजकुरातला हा मराठी शब्द वाचताना मी थबकले. लेकीला आजी नव्हती. आईने ती कशी निर्माण केली पाहा. अविवाहित, परदेशी, ख्रिस्ती जोगिणीला आजीपण बहाल केले.

पण आजी म्हटली की तिचा हक्कही आलाच. जी मूल सांभाळते, ती त्याच्या घडणीत आपला शब्द मागते; हे आमच्या चाळीतल्या सासवांनाही ठाऊक आहे. रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी मुलीसह बाप्तिस्मा घेतला खरा, पण चर्चची प्रत्येक शिकवण मुकाट्याने मान्य करणारी ही बाई नव्हती. त्रैक्याच्या सिद्धान्तावर त्या शंका काढीत. मग जे आपल्याला पटलेले नाही ते लेकीच्या तोंडी का घालावे, असा प्रश्न उभा राहिला. मनोरमेला काय शिकवायचे हे कोणी ठरवायचे, आईने की आजीबाईंनी? पत्रांतली धर्मचर्चा मोठी विद्वत्तापूर्ण आहे, पण तिच्या तळाशी हाच घरगुती तंटा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. रमाबाई कृतज्ञ होत्या आणि नमतही नव्हत्या. ही दोन्ही टोके एकाच वेळी धरून अभ्यास करणे म्हणजे काय, ते ज्याचे त्याने ताडून पाहावे.

मला ते थोडेसे ताडता येते. पतिनिधनानंतर एम.ए. करताना माझी मुलगी तीन वर्षांची होती. सांभाळणाऱ्या बाई आठवड्यातून एकदा न सांगता दांडी मारीत. पाळणाघर होते, त्याच्या मालकीणबाई मुलीला ताप दिसला की दारातूनच परत पाठवीत. शेजारच्या काकू धावून येत, पण मुलीने काय खावे आणि मी दुसरे लग्न का करीत नाही, हे दोन्ही विषय त्या फुकट शिकवीत. त्यांना मी कधी उलट बोलले नाही. बोलून परवडणार नव्हते.

तशीच एक गोष्ट अमेरिकेची. आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी, जो ११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियात झाला, रमाबाई लेकीला घेऊन अटलांटिक ओलांडून गेल्या. आनंदीबाईंचे बाळ दहा दिवसांतच गेले होते. एक रिकाम्या ओंजळीने डॉक्टर झाली, दुसरी भरल्या कडेने शिकत होती. पुढे रमाबाईंच्या व्याख्यानांचा आणि दौऱ्यांचा व्याप वाढला आणि मनोरमेला पुन्हा इंग्लंडास भगिनींकडे पाठवावे लागले. पाच वर्षांच्या पोरीला समुद्रापलीकडे धाडून ही बाई फिलाडेल्फियात काय शिकत होती, तर फ्रोबेलची किंडरगार्टन पद्धती. लहान मुलांना कसे सांभाळावे आणि शिकवावे याचे शास्त्र! या विसंगतीवर कोणी हसेल. मला तसे जमत नाही.

ते शिक्षण वाया गेले नाही. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढे ते पुण्यास गेले आणि नंतर केडगावला मुक्ती सदन झाले. विधवांना छप्पर आणि शिक्षण एकाच ठिकाणी मिळावे, ही कल्पना रमाबाईंना ग्रंथांतून सुचली असे मला वाटत नाही. आज पीएच.डी. करणाऱ्या स्त्रियांसाठी २४० दिवसांपर्यंतच्या प्रसूती व बालसंगोपन रजेची तरतूद विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ च्या नियमांत केली. २०१७ च्या कायदेदुरुस्तीने ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराचे बंधन घातले. रजा संशोधिकेला, पाळणाघर नोकरी करणारीला. एम.ए.ची मुलगी दोहोंतही बसत नाही.

मनोरमा शिकली, बी.ए. झाली आणि आईच्या संस्थेचा भार तिने वाहिला. २४ जुलै १९२१ रोजी ती गेली. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या. दोघींच्या मृत्यूंत नऊ महिन्यांचेही अंतर नाही.