विधवेच्या दत्तकाधिकाराची कुळकथा

विधवेला मुलगा दत्तक घेता येतो का, आणि येत असल्यास कोणाच्या संमतीने, हा हिंदू कायद्यातील फार जुना वाद आहे. त्याचे मूळ वसिष्ठ धर्मसूत्रातील एका छोट्या वचनात सापडते. पतीच्या अनुज्ञेवाचून स्त्रीने पुत्र देऊ नये आणि घेऊही नये, असे ते वचन सांगते. पती हयात असताना त्याचा अर्थ स्पष्ट आहे. पती वारल्यावर अनुज्ञा कोणाची घ्यायची, याबद्दल मात्र सूत्रकार काही बोलत नाही. पुढचा सारा कायदा या मौनातून निघाला.

मौनाचा अर्थ लावण्याचे काम टीकाकारांनी आणि निबंधकारांनी केले आणि प्रांतोप्रांती वेगवेगळे निष्कर्ष रूढ झाले. मिथिलेच्या पंडितांचे म्हणणे असे, की अनुज्ञा दत्तविधानाच्या वेळीच मिळायला हवी. मृत पती ती देऊ शकत नाही, म्हणून विधवेला अधिकारच नाही. बंगालात आणि काशीच्या परंपरेत असे मानले गेले, की पतीने हयातीत परवानगी देऊन ठेवली असेल तर ती त्याच्या मृत्यूनंतरही टिकते. दक्षिणेत पतीच्या परवानगीऐवजी सपिंडांची, म्हणजे जवळच्या भाऊबंदांची, संमती पुरेशी ठरली.

महाराष्ट्रात चौथा अर्थ रुजला, आणि तो विधवेला सर्वांत अनुकूल होता. त्याचा मुख्य आधार नीलकंठभट्टांचा ‘व्यवहारमयूख’. नीलकंठांचे घराणे मूळचे पैठणचे. काशीला स्थायिक झालेल्या या घराण्यात सतराव्या शतकात हा ग्रंथ लिहिला गेला. पतीच्या अनुज्ञेची अट सधवेपुरती आहे, विधवेला ती लागू नाही, असे नीलकंठांनी मांडले. अनंतदेवांच्या ‘संस्कारकौस्तुभा’चा कौलही याच बाजूचा होता. निपुत्रिक पतीच्या आत्म्याला सद्गती मिळावी यासाठी पुत्र हवा. मग ते कर्तव्य पार पाडणाऱ्या पत्नीला शास्त्र अडवील कशाला, हा या मतामागचा विचार.

इंग्रजी अमलात हे मतभेद न्यायालयांपुढे आले. वारसा, विवाह आणि धार्मिक रूढी यांबाबत हिंदूंना शास्त्र आणि मुसलमानांना कुराण लावावे, असे वॉरन हेस्टिंग्जने 1772 मध्ये ठरवले होते. मुंबई इलाख्यात एल्फिन्स्टनच्या काळात झालेल्या 1827 च्या चौथ्या रेग्युलेशनने वेगळा क्रम लावला: आधी पार्लमेंटचे कायदे आणि सरकारी नियम, ते नसतील तर मुलखातील वहिवाट, तीही नसेल तर प्रतिवादीचा कायदा, आणि शेवटी न्याय, समन्याय व सदसद्विवेक. वहिवाटीला ग्रंथाच्या वरची पायरी मिळाल्यामुळे दख्खनमधील जातींच्या चालीरीती लिहून काढण्याची गरज भासली. आर्थर स्टीलचे तशा नोंदींचे पुस्तक त्याच वर्षी तयार झाले. शास्त्रार्थ सांगण्यासाठी न्यायालयांत शास्त्री नेमलेले असत. 1864 मध्ये ती पदे रद्द झाली आणि ग्रंथांचा अर्थ लावण्याची जबाबदारी थेट न्यायाधीशांवर आली.

ती कशी पार पाडावी, हे प्रिव्ही कौन्सिलने 1868 मध्ये रामनाडच्या खटल्यात सांगितले. रामनाडच्या विधवा राणीने सपिंडांच्या संमतीने दत्तक घेतला होता. दत्तविधान अवैध ठरले असते तर जमीनदारी बेवारस म्हणून सरकारजमा झाली असती, म्हणून मदुरेचा कलेक्टर तिच्याविरुद्ध लढत होता. कौन्सिलने दत्तविधान कायम केले. प्राचीन वचनातून एखादे मत तर्काने निघते का, याचा शोध न्यायाधीशाने घेत बसू नये. त्या प्रदेशातील परंपरेने ते स्वीकारले आहे का आणि वहिवाटीने त्यावर शिक्कामोर्तब केले आहे का, एवढे पाहावे. स्पष्टपणे सिद्ध झालेली वहिवाट लिखित वचनापेक्षा वरचढ ठरते, असा हा दंडक होता. चारही अर्थ आपापल्या मुलखात कायदा म्हणून मान्य झाले.

मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी रखमाबाई विरुद्ध राधाबाई या खटल्यात मराठी मुलखाचा नियम निश्चित केला. पतीने मनाई केली नसेल, तर विधवा त्याच्या परवानगीवाचून आणि भाऊबंदांच्या संमतीवाचून दत्तक घेऊ शकते. मात्र तो धर्मकर्तव्य म्हणून घ्यावा, लहरीने किंवा लोभाने नव्हे. 1879 मध्ये याच न्यायालयाने एकत्र कुटुंबातील विधवेवर बंधन घातले: पतीची परवानगी किंवा सहदायादांची, म्हणजे एकत्र मालमत्तेतील सहहिस्सेदारांची, संमती आवश्यक. उलट 1896 मध्ये विधवेचा हेतू तपासायचे कारण नाही, असे पूर्णपीठाने ठरवले. 1879 चे बंधन प्रिव्ही कौन्सिलने 1921 मध्ये चुकीचे ठरवले आणि 1932 मध्ये त्यावर पुन्हा मोहोर उठवली.

या वादांची धार मालमत्तेमुळे वाढली. विधवेने घेतलेला दत्तक पतीच्या मृत्यूच्या दिवसापासूनच मुलगा होता, असे कायदा मानी. त्यामुळे वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या ताब्यात असलेली जमीन त्याच्याकडे जाऊ शके. सर्वोच्च न्यायालयाने 1954 मध्ये कांगो खटल्यात या तत्त्वाला मर्यादा घातली: भाऊबंदांच्या स्वतःच्या मालमत्तेवर दत्तकाला मागे जाऊन हक्क सांगता येणार नाही.

अखेरची पायरी विधिमंडळाची. 1956 चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा आला आणि चारही परंपरांचे वेगळेपण संपले. विधवेला देशभर स्वतःच्या अधिकाराने, कोणाच्याही संमतीवाचून, मुलगा किंवा मुलगी दत्तक घेता येऊ लागली. दत्तकाचे हक्क दत्तविधानाच्या दिवसापासून सुरू होतात आणि आधीच दुसऱ्याला मिळालेली मालमत्ता तो हिरावू शकत नाही, हेही कायद्याने लिहिले. तरी अर्थ लावण्याचे काम उरलेच. विधवेने घेतलेले मूल तिच्या मृत पतीचेही मूल ठरते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1967 मध्ये सावन राम खटल्यात सांगितले. विवाहित स्त्रीला पतीच्या संमतीने स्वतः दत्तक घेण्याचा अधिकार मिळाला तो 2010 च्या दुरुस्तीने.

वचन, टीका, वहिवाट, निवाडा आणि अधिनियम या पाचही उगमांतून हा एक अधिकार घडला आहे. त्यांतील कोणताही एक उगम वगळला, तर आजचा कायदा असा का आहे, हे सांगता येत नाही.