घासदाणा आणि पेंढारी : वर्धाकाठच्या काही सरहद्दी शब्दांविषयी

वर्धा जिल्ह्यातले नाचणगाव आज पुलगावला लागून असलेले एक गाव म्हणून ओळखले जाते. त्याच्या पश्चिमेस थोड्याच अंतरावर वर्धा नदी आहे. डिसेंबर १८०३ मध्ये देवगावचा तह झाला, दुसऱ्या रघूजी भोसल्यांना वऱ्हाडातील नदीपलीकडच्या मुलखावर पाणी सोडावे लागले आणि ही नदी नागपूर व निजाम या दोन राज्यांची सरहद्द ठरली. नाचणगावात एक जुनी दगडी सराई आहे. पेंढाऱ्यांच्या धामधुमीत गावकऱ्यांनी तिच्या भिंतींआडून त्यांना यशस्वीपणे तोंड दिले, असे जुने गॅझेटियर सांगते.

‘पेंढारी’ या शब्दाची व्युत्पत्ती आपल्याकडे फार सहजपणे सांगितली जाते : पेंढा हरण करणारा तो पेंढारी. वर्गात सांगायला ती सोयीची आहे; मीही ती ऐकतच शिकलो. माल्कमने मध्य हिंदुस्थानावरील आपल्या १८२३ च्या ग्रंथात मात्र ‘पिंडा’ नावाच्या मादक पेयाशी हा शब्द जोडला आहे, तर आणखी कोणी बऱ्हाणपूरकडील एका स्थलनामाकडे बोट दाखवतात. यांपैकी एकही मत निर्णायक नाही. पेंढ्याची व्युत्पत्ती मला लोकव्युत्पत्तीच वाटते, आणि तरीही ती टाकून द्यावीशी वाटत नाही. मराठी माणसाला हा शब्द ऐकताच वैरण का आठवावी, हा प्रश्न मुळाच्या शोधाहून अधिक फलदायी आहे.

कारण वैरणीचाच दुसरा एक शब्द याच मुलखात नांदत होता : ‘घासदाणा’. घास म्हणजे गवत, दाणा म्हणजे घोड्याचा खुराक. फौज ज्या वाटेने जाई तेथील रयतेने घोड्यांच्या पोटाची सोय करावी, किंवा त्याबदली रोकड द्यावी, असा हा हक्क. चौथ आणि सरदेशमुखी यांच्या जोडीने नागपूरकर भोसले तो वसूल करीत. हा हक्क केवळ परमुलखालाच जाचत होता असेही नाही. १७६९ च्या कनकापूरच्या तहात पेशव्यांनी जानोजी भोसल्यांकडून औरंगाबाद सुभ्यातील आपल्या मुलखात घासदाणा न घेण्याचे कबूल करवून घेतले. स्वकीयांनाही तो लुटीसारखाच वाटत असला पाहिजे.

म्हणजे शेतातून जाणारा कडबा तोच. सनद असली की घासदाणा, नसली की पेंढार. पण ही विभागणीही फार काळ टिकत नाही. पेंढारी बराच काळ मराठी फौजांच्या मागे अधिकृतपणेच हिंडत. त्यांच्यात ‘शिंदेशाही’ आणि ‘होळकरशाही’ असे भेद होते. लुटीच्या मुभेबद्दल त्यांच्याकडून ‘पालपट्टी’ नावाचा कर घेतला जाई. पाल म्हणजे तंबू. एका निरुपद्रवी कापडी शब्दाच्या आड लुटीतला सरकारी वाटा किती सभ्यपणे बसवला आहे, हे पाहण्यासारखे आहे. चितू, करीमखान, वासिल महंमद हे धनी नसलेले लुटारू वाटतात ते पुढच्या काळात, १८१७-१८ च्या इंग्रजी मोहिमेच्या सुमारास.

शब्द कोणत्या काठावरून उच्चारला जातो यावर त्याचा अर्थ ठरतो, याचे सर्वांत बोलके उदाहरण मात्र नागपूरहून फार दूर सापडते. ‘बारगीर’ हा मूळ फारसी शब्द, ओझे वाहणारा अशा अर्थाचा. मराठी लष्करात स्वतःचा घोडा बाळगणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. शब्दात निंदा नाही, फक्त हुद्दा आहे. १७४१ ते १७५१ या दशकात पहिल्या रघूजींच्या फौजा बंगालवर चालून गेल्या. त्यांच्या भीतीने कलकत्त्यात ‘मराठा खंदक’ खणण्यात आला. १७४४ मध्ये भास्करराम कोल्हटकर अलीवर्दीखानाच्या भेटीस गेले असता मारले गेले. बारगिराचा तेथे ‘बर्गी’ झाला आणि हा बर्गी बंगाली अंगाईगीतात जाऊन बसला. मुलांना निजवण्यासाठी त्याची भीती घालतात. नागपूरच्या बखरींत जो साधा स्वार, तो हुगळीकाठी बागुलबुवा. आपल्या शालेय इतिहासात ही मोहीम पराक्रमाच्या सदरात येते आणि ‘बर्गी’ हा शब्द बहुधा येतच नाही. साहित्याच्या विद्यार्थ्याने तरी दोन्ही शब्द शेजारीशेजारी ठेवून वाचावेत.

तोच न्याय ‘मोगलाई’ला. मराठी कागदपत्रांत निजामाला सर्रास ‘मोगल’ म्हटले जाई, त्यामुळे त्याचे राज्य ते मोगलाई. प्रथम तो निव्वळ मुलखाचा निर्देश होता. पुढे त्याला बेबंदशाही हा अर्थ चिकटला. (खानावळीच्या पाटीवरची मोगलाई वेगळी, तिने कोणाचे वाईट केलेले नाही.) पण वऱ्हाडातील अव्यवस्थेला एकटा निजाम कारण नव्हता. तेथे अठराव्या शतकात निजाम आणि भोसले या दोघांचेही अंमलदार वसुली करीत. या स्थितीला ‘दुअमली’ असा नेमका शब्द मराठीत आहे. दोष मात्र एकाच धन्याच्या नावावर चढला, कारण शब्द घडवणारे दुसऱ्या धन्याच्या भाषेत बोलत होते.

१८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला, पुढच्याच वर्षी नागपूरचे राज्य खालसा झाले आणि नाचणगावजवळच्या त्या नदीच्या दोन्ही काठांवर एकच अंमल आला. घासदाणा, पालपट्टी, दुअमली हे कागदी शब्द दप्तरांबरोबर कोशात गेले. पेंढारी आणि मोगलाई बोलण्यात उरले.