विद्युद्दीपांच्या माळेतील स्थिर प्रकाशाचा इतिहास

सणासमारंभाच्या प्रसंगी घरांवर व देवालयांवर लावल्या जाणाऱ्या विजेच्या दिव्यांच्या माळा ही आज इतकी परिचयाची वस्तू झाली आहे की, तिला काही इतिहास असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. जे थोडेबहुत लिहिले जाते त्यात पहिली माळ कोणी व केव्हा लावली एवढाच प्रश्न चर्चिला जातो. वस्तुतः त्याहून महत्त्वाचा प्रश्न वेगळाच आहे. माळेतील दिवे उघडझाप न करता एकसारखे तेवत राहावेत यासाठी काय काय करावे लागले, हा तो प्रश्न होय. स्थिर प्रकाश ही या माळांची मूळ अवस्था असून लुकलुकणे ही मागाहून आलेली करामत आहे, असा सर्वसाधारण समज आहे. हा समज वस्तुस्थितीला धरून नाही. माळेतील स्थिरता ही मुळात मिळालेली नसून ती क्रमाक्रमाने, आणि प्रत्येक वेळी काही मोल देऊन, संपादन करावी लागली, असे दाखविण्याचा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

१

एडिसनच्या विद्युद्दीप कंपनीतील एक प्रमुख अधिकारी एडवर्ड जॉन्सन याने डिसेंबर १८८२ मध्ये न्यूयॉर्क येथील आपल्या घरी नाताळच्या वृक्षावर तांबडे, पांढरे व निळे असे ८० लहान विद्युद्दीप लावले. विजेच्या दिव्यांनी सजविलेला हा पहिला ज्ञात नाताळवृक्ष होय. मात्र तो एका जागी स्थिर नव्हता. विजेच्या साहाय्याने तो स्वतःभोवती फिरत असे. दोन वर्षांनंतरच्या, म्हणजे १८८४ च्या वृक्षावर १२० दिवे होते, आणि त्याची रचना वृत्तपत्रात वर्णिलेली आहे. वृक्षाच्या बुंध्याशी तांब्याचे पट्टे बसविलेले होते. वृक्ष फिरू लागला की एका संचाचा विद्युत्संबंध तुटे व दुसऱ्याचा जुळे. त्यामुळे प्रथम केवळ पांढरे दिवे दिसत, मग तांबडे व पांढरे, आणि अशा रीतीने रंग पालटत जात.

या वर्णनाचे महत्त्व असे की, विद्युद्दीपांची शोभा आणि त्यांची उघडझाप या दोन गोष्टी जन्मतःच एकत्र होत्या. मेणबत्तीला जे साधत नव्हते ते वीज करून दाखवीत होती. तेव्हा विजेचे सामर्थ्य दाखवू इच्छिणाऱ्याने हा गुण पुढे मांडावा, हे स्वाभाविकच होते. याच सुमारास, नोव्हेंबर १८८२ मध्ये, लंडनच्या सॅव्हॉय नाट्यगृहात ‘आयोलॅन्थी’ या संगीतिकेचा प्रारंभ झाला. तीत पऱ्यांच्या भूमिका करणाऱ्या नटींनी जोसेफ स्वान याचे इवलेसे दिवे, लहान विद्युत्‌घटांसह, अंगावर धारण केले होते. इंग्रजीत अशा माळांना ‘परीदीप’ या अर्थाचे जे नाव आहे, ते या प्रयोगावरून पडले असे पुष्कळदा सांगितले जाते. परंतु काचेच्या लहान कवचात ठेवलेल्या मेणबत्त्यांनाही त्या शतकात तेच नाव होते. तेव्हा व्युत्पत्तीचा सर्व भार एकट्या नाट्यप्रयोगावर टाकणे युक्त ठरणार नाही.

२

विसाव्या शतकाच्या आरंभी तयार माळा बाजारात येऊ लागल्या, तेव्हा त्यांच्या रचनेचा प्रश्न निकडीचा झाला. घरातील विद्युत्पुरवठा अमेरिकेत सुमारे १२० व्होल्टचा होता. त्या दाबावर चालणारा दिवा लहान करणे कठीण, आणि तो तापतही फार. यावर उपाय म्हणजे एकसर जोडणी : अल्प दाबाचे अनेक दिवे एकापुढे एक जोडावयाचे आणि पुरवठ्याचा दाब त्यांच्यात वाटून द्यावयाचा. अमेरिकेत १५ व्होल्टचे ८ दिवे व ब्रिटनमध्ये २० व्होल्टचे १२ दिवे ही प्रमाणे या साध्या भागाकारातूनच निघाली. आपल्याकडील २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर ६ व्होल्टचे दिवे लावावयाचे तर त्यांची संख्या ३८ च्या आसपास येते, तीही याच हिशेबाने.

एकसर जोडणीत प्रवाहाला एकच वाट असते. एका दिव्याचा तंतू तुटला की सर्व माळ अंधारात जाते, आणि दोष कोणत्या दिव्यात आहे हे बाहेरून कळत नाही. एक चांगला दिवा हाती घेऊन तो क्रमाने प्रत्येक जागी लावून पाहावयाचा, हाच त्या काळचा घरगुती उपाय होता. आणि एकाच वेळी दोन दिवे गेलेले असले तर तोही व्यर्थ ठरे. स्थिर प्रकाशासाठीचा पहिला झगडा हा असा लुकलुकण्याशी नसून विझण्याशी होता.

या अडचणीतून दोन मार्ग निघाले. पहिला समांतर जोडणीचा. तीत प्रत्येक दिवा पुरवठ्याच्या पूर्ण दाबावर स्वतंत्रपणे चालतो. म्हणून एक गेला तरी इतर तेवत राहतात. मात्र दिवे आकाराने मोठे व अधिक उष्ण असतात. दुसरा मार्ग दुसऱ्या महायुद्धानंतर प्रसार पावलेल्या अतिलघु दिव्यांच्या माळांत दिसतो. त्यांत एकसर जोडणी कायम ठेवून प्रत्येक दिव्याच्या आत, तंतूच्या दोन आधारतारांवर, विसंवाहक लेप असलेल्या बारीक तारेचे वेढे देतात. तंतू शाबूत असेतोवर या वेढ्यांतून प्रवाह जात नाही. तंतू तुटताच पुरवठ्याचा सर्व दाब त्या एकाच ठिकाणी पडतो, लेप भेदला जातो आणि वेढ्यांतून वाट मोकळी होते. तो दिवा विझतो, पण माळ तेवत राहते.

ही युक्ती चतुर असली तरी निर्दोष नाही. १२० व्होल्टवरील ५० दिव्यांच्या माळेत प्रत्येकाच्या वाट्याला २.४ व्होल्ट येतात. पाच दिवे गेले की उरलेल्या ४५ दिव्यांना प्रत्येकी सुमारे २.६७ व्होल्ट, म्हणजे नवमांशाने अधिक दाब सोसावा लागतो. तंतुदीपाचे आयुष्य दाबाच्या सुमारे बाराव्या-तेराव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात घटते. तेव्हा एवढ्याशा वाढीने ते तृतीयांशाहूनही खाली येते. गेलेले दिवे वेळीच बदलले नाहीत तर ऱ्हासाचा वेग वाढत जातो. वरून अखंड दिसणारी माळ आतून झिजत असते.

३

एकसर माळेला लुकलुकविण्याची अत्यंत स्वस्त युक्तीही तिच्या या एकमार्गी स्वभावातूनच निघाली. माळेतील एका दिव्यात निरनिराळ्या प्रमाणात प्रसरण पावणाऱ्या दोन धातूंची जोडपट्टी बसवितात. थंड असताना पट्टी टेकलेली असते व प्रवाह चालू राहतो. तंतूच्या उष्णतेने ती वाकते, संबंध तुटतो, आणि सर्व माळ विझते. पट्टी निवाली की पुन्हा टेकते. एक दिवा बिघडला की सर्व विझतात, हा जो दोष होता, त्याचेच येथे साधन झाले. या दिव्यात वर सांगितलेले वेढे ठेवता येत नाहीत. कारण पट्टी उघडताच पूर्ण दाब त्यांवर पडून ते कायमचे जुळले असते आणि लुकलुकणेच थांबले असते. म्हणून लुकलुकणाऱ्या दिव्याचा तंतू तुटला की माळ पूर्वीप्रमाणे समूळ विझते.

माळ स्थिर करण्यासाठी वापरणारांनी स्वतः केलेला सर्वांत जुना व सर्वांत निर्धोक फेरबदल येथलाच आहे. पट्टीचा दिवा काढावयाचा आणि त्याच व्होल्टचा साधा दिवा त्या जागी लावावयाचा, एवढेच त्यात करावयाचे असते. पुष्कळ माळांत पट्टीच्या दिव्याचे टोक तांबडे रंगविलेले असते, ते याच ओळखीसाठी. अट एवढीच की, नव्या दिव्याचा व्होल्टांक इतरांशी जुळला पाहिजे, आणि बदल करताना माळ पुरवठ्यापासून पूर्णपणे सोडविलेली असली पाहिजे.

पुढे लुकलुकण्याचे काम दिव्यातून निघून एका लहान पेटीकडे आले. माळेच्या तीन-चार शाखा करून प्रत्येक शाखा थायरिस्टर या अर्धसंवाहक कळीने चालू-बंद करावयाची, अशी या पेटीची रचना असते. बटण दाबीत गेल्यास बहुधा आठ प्रकार क्रमाने येतात. त्यांत अखेरचा सहसा स्थिर प्रकाशाचा असतो. पण अनेक पेट्यांना स्मरण नसते. पुरवठा एकदा खंडित झाला की पहिल्या मिश्र प्रकारापासून पुनश्च आरंभ होतो. आठ प्रकारांच्या रांगेत स्थिरतेला शेवटचे आसन मिळावे, यावरून बाजाराचा कल स्पष्ट होतो.

४

प्रकाश-उत्सर्जक डायोडांच्या आगमनाने स्थिरतेचा प्रश्न नव्याने उपस्थित झाला. डोळ्यांस दिसणारा तांबडा प्रकाश देणारा डायोड निक हॉलोन्याक याने १९६२ मध्ये सिद्ध केला. तेजस्वी निळा डायोड १९९० च्या दशकाच्या आरंभी जपानात साध्य झाला व त्यातून पांढऱ्या प्रकाशाची वाट खुली झाली. त्या कार्यासाठी आकासाकी, आमानो व नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. डायोडात वीज थोडी खर्च होते व उष्णताही अल्प निर्माण होते. परंतु तंतूकडे जो एक गुण होता तो डायोडाकडे नाही. प्रत्यावर्ती प्रवाह क्षणोक्षणी शून्यावर येत असला तरी तापलेला तंतू तेवढ्या अवधीत निवत नाही; त्याची उष्णता प्रवाहातील खळगे भरून काढते. डायोड मात्र प्रवाह थांबताच विझतो. शिवाय तो प्रवाह एकाच दिशेने वाहू देतो. म्हणून डायोडांची साधी माळ आपल्याकडे सेकंदास ५० वेळा व अमेरिकेत ६० वेळा पेटते आणि विझते. टक लावून पाहिल्यास हे जाणवेलच असे नाही. परंतु नजर झटकन फिरविली की प्रकाशाची रेषा ठिपक्याठिपक्यांची दिसते.

यावरील उपाय विद्युत्‌शास्त्राला डायोडांच्या माळांपूर्वी पुष्कळ वर्षे ठाऊक होता. चार एकदिशकारकांचा सेतू जोडला की आवर्तनाचे दोन्ही अर्धभाग उपयोगात येतात आणि सेकंदास १०० स्पंदने मिळतात. त्यापुढे योग्य धारित्र जोडले की स्पंदनांमधील खळगेही बुजतात व प्रकाश खऱ्या अर्थाने स्थिर होतो. मात्र या फेरबदलात जो धोका आहे तो आकड्यांवाचून ध्यानात येणार नाही. प्रत्येकी सुमारे ३ व्होल्टचे ६० पांढरे डायोड व एक रोधक अशी माळ २३० व्होल्टवर एकाच अर्धभागात चालते असे समजू. दाबाचे शिखर ३२५ व्होल्ट असते. सेतू जोडल्याने माळेतील सरासरी प्रवाह दुप्पट होतो. धारित्र जोडल्यास दाब सतत शिखराजवळ राहतो आणि सरासरी प्रवाह जवळजवळ पाचपट, तर रोधकातील उष्णता सुमारे सहापट होते. रोधकाचे मूल्य त्या मानाने वाढविले नाही तर डायोड अल्पावधीत निकामी होतील, आणि रोधक आग लागण्याइतका तापू शकेल. धारित्रात, पुरवठा काढल्यावरही, प्राणघातक विद्युत्‌भार शिल्लक राहू शकतो हे निराळेच. अशा माळा पुरवठ्यापासून विलग केलेल्या नसतात. म्हणून हा बदल जाणकाराखेरीज इतरांनी करू नये. अल्प व्होल्टच्या दिष्ट प्रवाहावर चालणारी माळ घेणे हाच त्यांच्यासाठी योग्य मार्ग होय.

ही सारी खटपट केवळ रुचीसाठी आहे, असे मात्र समजू नये. सेकंदास ३ ते ३० या गतीने होणारी उघडझाप काही अपस्मारी व्यक्तींना झटका आणू शकते. शंभर स्पंदनांचा प्रकाश त्या मर्यादेबाहेर असला तरी डोळ्यांचा शीण व डोकेदुखी यांच्याशी त्याचा संबंध आढळलेला आहे. आय्‌-ट्रिपल-ई या अभियंत्यांच्या संस्थेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शिफारशींनुसार, १०० स्पंदनांच्या प्रकाशात चढउतार सुमारे ८ टक्क्यांच्या आत असल्यास अपायाची शक्यता अल्प मानली जाते. धारित्रावाचूनच्या सेतूवरील माळेत प्रकाश प्रत्येक स्पंदनागणिक शून्यावर येतो, म्हणजे हा चढउतार शंभर टक्के असतो. उत्सवाचा प्रकाश सार्वजनिक असतो; तो ज्यांना सोसत नाही त्यांनाही त्या रस्त्याने जावेच लागते.

५

या इतिहासाचे प्रतिबिंब शब्दांत कसे पडले आहे, हेही पाहण्यासारखे आहे. मराठीत प्रकाशाच्या निरनिराळ्या अवस्थांना स्वतंत्र क्रियापदे आहेत. दिवा ‘तेवतो’ तेव्हा त्याची ज्योत संथ असते. ‘मिणमिणतो’ तेव्हा ती क्षीण असते. वाऱ्याने ती ‘फडफडते’. आणि ‘लुकलुकणे’ हे तारे, काजवे व दूरचे दिवे यांच्याकडे जाते. ‘नंदादीप’ या शब्दात तर अखंडतेचीच प्रतिज्ञा आहे. ही सारी शब्दसंपत्ती तेलवातीच्या दिव्यावर पोसलेली असून, तीत स्थिरता हा दिव्याचा स्वभाव व चंचलता हा बाहेरून आलेला विकार मानलेला आहे. आरंभी उल्लेखिलेल्या समजाचे मूळ बहुधा याच भाषिक संस्कारात असावे. विजेच्या माळेत हा संबंध उलटा झाला; तेथे चंचलता यंत्रात अंगभूत आहे आणि स्थिरता बाहेरून आणावी लागते.

बाजारातील भाषेने मात्र या वस्तूचे मर्म अचूक टिपले. माळ, तोरण, रोषणाई हे जुने शब्द तिला मिळालेच. पण त्यांच्या जोडीला ‘सिरीज’ हा शब्दही दुकानांतून रूढ झाला, आणि तमिळनाडूत तिला ‘सीरियल सेट’ म्हणतात. जोडणीच्या प्रकाराचे नाव येथे वस्तूचेच नाव झाले आहे. वस्तूला रंगावरून, आकारावरून वा प्रसंगावरून नाव न पडता तिच्या अंतर्गत रचनेवरून पडावे, असे व्यवहारात क्वचितच घडते. येथे ते घडले याचे कारण उघड आहे. एक दिवा गेल्याने सारी माळ विझण्याचा अनुभव घरोघरी येत होता, आणि त्यामुळे एकसर जोडणी ही पाठ्यपुस्तकातील संज्ञा न राहता नित्याची अडचण होऊन बसली होती. आजच्या अनेक माळांत एकसर व समांतर अशा दोन्ही जोडण्या मिश्र असतात, काहींत तर केवळ समांतर. तरी नाव टिकून आहे. ज्या दोषावर मात करण्यात स्थिर प्रकाशाच्या इतिहासाचा मोठा भाग खर्ची पडला, तो दोष वस्तूतून बव्हंशी नाहीसा झाला असला तरी तिच्या नावात अद्याप जिवंत आहे.